रविवारी बंद पडणारी गाडी

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गाडी शिकवली तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सासरचं घर सोडून मी जालन्याला, मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अण्णांकडे परत आले होते. आई त्याआधीच गेलेली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी मिळाली, ती घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, आणि आम्हा दोघांचं बरं चाललं होतं.

अण्णा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. पण गुडघ्यांनी साथ सोडली, क्लच दाबला की कळ यायची, तेव्हा त्यांनी चावी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता ही तू चालव. उभी राह्यली की गाडी मरती."

त्यांनी मला नुसती गाडी चालवायला शिकवली नाही. बोनट उघडून एकेक भाग दाखवला. कुठली नळी टाकीतून येते, फिल्टर कुठं बसतो, प्लग कसा काढायचा. त्यांचं शिकवणं फार चांगलं होतं. चुकलं तरी ओरडायचे नाहीत.

"गाडी सुरू न्हाई झाली तर घाबरायचं न्हाई," ते सांगायचे. "तिला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल अन् ठिणगी. यातलं काय पोचून न्हाई राह्यलं, ते शोधायचं. अन् सोप्यापासून सुरू करायचं. लोक आधीच इंजिन खोलून बसतात."

मला हे आवडायचं. लॅबमध्ये आम्हीही तसंच करतो. रिपोर्ट विचित्र आला की आधी नळीवरचं लेबल बघायचं, मग मशीनला दोष द्यायचा. अण्णांचं आणि माझं काम एकाच जातीचं आहे, असं मला वाटायचं आणि त्याचा मला अभिमान होता.

पाच वर्षं अशी गेली. मग लॅबमध्ये एक सर यायला लागले. जालन्यापासून तासाभरावरच्या मंठ्याच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. त्यांची आई आजारी होती, तिचे उपचार जालन्यात चालले होते आणि दर महिन्याला रक्त तपासायला ते तिला घेऊन यायचे. बायको वारलेली. हे सगळं मला हळूहळू कळलं. आधी मला एवढंच दिसलं होतं, की हा माणूस रिपोर्ट घेऊन निघून जात नाही. प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारतो आणि शर्टाच्या खिशातल्या वहीत लिहून घेतो. आईला जिना उतरवताना स्वतः एक पायरी पुढं राहतो. सात-आठ महिन्यांनी त्यांनी मला फोनवर लग्नाचं सरळ विचारलं. मी दोन दिवस मागितले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडता निवडता अण्णांना सांगितलं.

माझ्या पुढ्यातली एक जुडी त्यांनी स्वतःकडं ओढली आणि तेही निवडायला लागले.

"माणूस बराबर हाय का?"

"हो अण्णा."

"मंग कर, माय. मी न्हाई म्हणणार न्हाई. माझं काय, मी आज हाय अन् उद्या न्हाई. तू माझी काळजी करू नको."

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं. असा बाप किती बायकांना असतो, असं तेव्हा मनात आलं होतं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

ठरलं असं, की येत्या रविवारी मी मंठ्याला जायचं आणि सरांच्या आईला नीट भेटायचं. लॅबच्या काउंटरवरची भेट वेगळी आणि घरातली वेगळी.

रविवारी सकाळी मी मोसंबीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, चावी फिरवली आणि सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरत राहिलं, पण पकडेना. पुन्हा मारला. तेच. आवाज ऐकून अण्णा बाहेर आले.

"थांब, थांब. बॅटरी उतरवशील. मला बघू दे."

त्यांनी मला उतरवलं आणि स्वतः आत वाकले. स्टिअरिंगच्या बाजूला, डॅशबोर्डखाली फ्यूजची डबी आहे. गुडघा टेकवून त्यांनी तिचं झाकण काढलं, आत बघितलं आणि झाकण लावलं.

"फ्यूज मी बघितलेत. बराबर हायेत."

मग त्यांनी बोनट उघडलं. प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी पडली. "म्हंजे ठिणगी हाय." मग फिल्टरच्या पुढची नळी सोडली, खाली डबा धरला आणि परत सेल्फ मारायला लावला. डब्यात थेंबही आला नाही.

"बघ. कोरडी. पेट्रोल वर येऊनच न्हाई राह्यलं. फिल्टर चोकप झाला असल."

त्यांनी मला जे जे दाखवलं ते सगळं खरं होतं. ठिणगी खरी होती, कोरडी नळी खरी होती. एका गोष्टीवर तेवढा मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण तिथं वाकून बघायची मला गरज वाटली नाही.

यात अकरा वाजले. एसटीनं जाते म्हटलं तर ते म्हणाले, "आता कव्हा पोचशील अन् कव्हा येशील? पहिल्या भेटीला घाईघाईत जाऊ नये. पुढच्या रविवारी जा." मला ते पटलं. सरांना फोन केला. ते म्हणाले, काही हरकत नाही, जुन्या गाडीचं असं व्हायचंच.

संध्याकाळी आमचा मेकॅनिक आला. अण्णांच्या नोकरीपासूनच्या ओळखीचा माणूस. त्यानं चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो माझ्याकडं बघायला लागला. मी ओशाळले. तरी सोमवारी त्यानं फिल्टर बदलून दिला.

दुसऱ्या रविवारी तेच. इंजिन फिरतंय, पकडत नाही. अण्णा वाकले. "फ्यूज बराबर हायेत." नळी कोरडी. "पंप गेला बघ. टाकीतला पंप." सोमवारी गाडी मुकाट्यानं सुरू झाली. मी ती चालवत गॅरेजला नेली आणि मेकॅनिकला पंप बदलायला सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, चालू पंप कशाला बदलता?" मी म्हटलं, अण्णांनी सांगितलंय. अण्णांचं नाव ऐकून त्यानं पाना उचलला. मागची सीट उचलून त्यानं जुना पंप काढला आणि नवा बसवला.

त्याच आठवड्यात गुरुवारी अण्णांना शुगरसाठी डॉक्टरांकडं न्यायचं होतं. गाडी अशी धावली, जणू कालच शोरूममधून आलीय. परत येताना अण्णा शेजारच्या सीटवर बसून विचारत होते, "आईला काय आवडतं त्यांच्या? मोसंबीच ने परत." मी सांगत होते. मला त्यात काही खटकलं नाही.

तिसऱ्या रविवारी गाडी पुन्हा सुरू झाली नाही. या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. अण्णा बोनटवर हात ठेवून उभे होते. हळूच म्हणाले, "यानं नवा म्हणून जुनाच पंप घासूनपुसून बसवला असल. असले लोक मी लई पाह्यलेत."

मी पायातल्या चपला न बदलता तशीच गॅरेजवर गेले. तो रविवारीही गॅरेज उघडं ठेवायचा. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्याला नको ते बोलले. ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला आणि तू फसवलंस, म्हटलं. तुला लाज वाटत नाही का, असंही म्हटलं. तो हातातलं फडकं घडी करत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, पंप नवाच हाय. पण तुम्हाला पटणार न्हाई. एक काम करा. पुढच्या टायमाला गाडी बंद पडली, की कोणालाच बोलवू नका. दरवाजे बंद करा, चावी अर्धी फिरवा, सेल्फ मारू नका, अन् कान मागच्या सीटकडं ठेवा. दोन सेकंद घूं असा आवाज आला पायजे. तो पंपाचा आवाज. आला का न्हाई, तेवढं मला फोनवर सांगा."

मी तशीच परत आले. त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळं जास्त लागला.

"तुम्हाला यायचं नसेल तर सरळ सांगा," ते म्हणाले. "मला वाईट वाटणार नाही. आई रोज विचारते, तिला काहीतरी सांगावं लागतं."

"गाडी खरंच बंद पडली होती हो," मी म्हटलं. माझं मलाच ते खोटं वाटलं. तीन रविवार तीच सबब. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी काहीही झालं तरी येते. फोन ठेवला तेव्हा अण्णा दारात उभे होते. "काय म्हणत होते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे. ज्याला थांबायचं तो थांबतो." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

चौथ्या रविवारी मी ठरल्यापेक्षा दीड तास आधी उठून तयार झाले. अण्णा दाढी करायला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले होते. मी गाडीत बसून सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पकडलं नाही. आता मला रागही येईना. मी दरवाजे बंद केले, चावी अर्धी फिरवली आणि मागं मान वळवून ऐकलं. काहीच आवाज नाही. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. गल्लीतल्या नळाचं पाणी ऐकू येत होतं, पण मागच्या सीटखालून काही नाही.

मेकॅनिकला फोन लावला. आदल्या रविवारी इतकं बोलले होते, तरी त्यानं उचलला.

"आवाज नाही येत," मी म्हटलं.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग पंपापर्यंत करंट जाऊन न्हाई राह्यला. फ्यूज बघा."

"फ्यूज अण्णांनी बघितलेत. प्रत्येक वेळी बघतात. बरोबर आहेत."

"मॅडम, तुम्ही बघितले का?"

मी उतरले, साडी सावरली आणि अण्णा वाकायचे तशी वाकले. झाकण ओढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र काढलेलं असतं, कुठल्या घरात कशाचा फ्यूज ते. पंपाचं घर तिसऱ्या ओळीत होतं. तिथं फ्यूज नव्हता. जळालेला नाही, सैल झालेला नाही. घर रिकामं होतं.

मी फोनवर एवढंच म्हटलं, "नंतर बोलते."

झाकण मांडीवर घेऊन मी तिथंच सीटवर बसले. डोक्यात एकेक रविवार उलटा फिरत होता. मी मंठ्याचं नाव काढायच्या आधी ही गाडी कधीच बंद पडली नव्हती. सोमवारी ती सुरू व्हायची. गुरुवारी, अण्णांना दवाखान्यात जायचं असताना, सुरू व्हायची. इतकी साधी गोष्ट, आणि मी फिल्टर बदलला, पंप बदलला, एका माणसाला चोर ठरवलं. एकदाच वाकले असते तर दिसलं असतं. पण जिथं ते वाकायचे तिथं मी कशाला वाकू?

अण्णा आले. गालावर पावडरचे पांढरे डाग होते. गाडीचं दार उघडं, झाकण माझ्या मांडीवर. त्यांनी ते बघितलं आणि पावलं हळू झाली.

"फ्यूज कुठंय अण्णा?"

"कोणता?"

"अण्णा."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. तिथं त्यांच्या गोळ्यांची पट्टी असते. तिच्यामागून त्यांनी निळा, पंधरा अँपिअरचा फ्यूज काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अंगाच्या उबेनं तो गरम झाला होता.

"का?"

"तुला न्हाई म्हणता येईना," ते म्हणाले. "न्हाई म्हणलो असतो तर तू गेलीच असतीस. अन् माझ्याशी बोलली नसतीस."

"म्हणून गाडीला नाही म्हणायला लावलं?"

"चार-पाच रविवार तू गेली न्हाईस, तर तेच लोक मागं हटतील, असं वाटलं. त्यात तुझा दोष न्हाई दिसत, माझाबी न्हाई. गाडीचा दिसतो."

हे ते अगदी सरळपणे बोलले. ते रागावले असते, रडले असते, मी एकटा पडीन असं म्हणाले असते, तर मी कदाचित तिथंच विरघळले असते. पण त्यांनी हिशेबानं केलं होतं. सरांच्या मनात माझ्याबद्दल संशय यावा, म्हणून केलं होतं. तो फोन झाला तेव्हा ते दारात उभे राहून ऐकत होते. आणि तो संशय कसा वाढतोय ते बघून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते.

"त्या मेकॅनिकला मी चोर म्हणाले," मी म्हटलं. "तुम्ही म्हणायला लावलंत."

"त्याला मी सांगीन काहीतरी."

"काय सांगणार? पुन्हा काय खोटं सांगणार?"

मी फ्यूज त्याच्या रिकाम्या घरात बसवला. अंगठ्यानं दाबल्यावर तो टक्कन बसला. चावी अर्धी फिरवली, आणि मागून दोन सेकंद घूं आला. इतके दिवस मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, म्हणजे कानावर पडत असणार, पण लक्ष नव्हतं. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. अण्णा बाजूला सरकले. मी त्यांना येते म्हटलं नाही.

वाटेतल्या वाटूर गावाच्या पुढं गेल्यावर मला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. पाच वर्षं ज्या माणसानं मला, गाडी काय म्हणते ते ऐकायला शिकवलं, त्यानं तेच शिकवलेलं माझ्यावर वापरलं. मला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं. माझा विश्वास कुठवर आहे, हे मोजूनच त्यांनी बोट तिथं ठेवलं होतं. एका बाईनं जवळ येऊन विचारलं, "काय झालं माय, गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, नाही, चालू आहे.

मंठ्याला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. सर दारातच होते. आत त्यांची आई बाजेवर उशाला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस का? मला वाटलं, माझ्या पोरानं मनानंच काहीतरी रचलं." सगळे हसले. मीही हसले. गाडीचं काय झालं होतं असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, फ्यूज होता. कोणी काढला ते सांगितलं नाही. मला अण्णांना वाचवायचं नव्हतं. पण आपल्या बापानं असं केलं, हे तोंडातून बाहेर काढायची मला लाज वाटत होती. सरांना मी ते लग्नानंतर सांगितलं.

सोमवारी लॅबला जायच्या आधी गॅरेजवर गेले. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी थांबले. एक माणूस आल्यावर त्याच्यासमोर म्हटलं, "दादा, माझी चूक झाली. पंप नवा होता. तुम्ही फसवलं नव्हतं."

मेकॅनिक ओशाळला. "राहू द्या मॅडम." मग तो माणूस गेल्यावर म्हणाला, "मला पंप काढला तव्हाच शंका आल्ती. पंप चांगला होता. अन् तुमच्या सगळ्या डॅशबोर्डखाली धूळ, पण त्या डबीचं झाकण साफ. कोणीतरी सारखं उघडून राह्यलं. पण वडलांबद्दल मी कसं बोलणार? तुम्ही ऐकलं असतं का?"

मी ऐकलं नसतं. त्यालाही मी आणखी चार शब्द सुनावले असते. त्यानं जुना पंप कागदात गुंडाळून ठेवला होता, तो मला परत दिला.

लग्न तीन महिन्यांनी जालन्यातच, रजिस्ट्रारच्या ऑफिसात झालं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सही करायला पेन पुढं केलं तेव्हा ते माझ्याकडं बघत होते. मी माझ्या बाजूची साक्षीदार म्हणून लॅबमधल्या मैत्रिणीचं नाव आधीच दिलं होतं. त्यांना ते तिथं कळलं. ते मागं जाऊन खुर्चीवर बसले. ते मी मुद्दाम केलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता मी मंठ्याला एका छोट्या लॅबमध्ये काम करते. अण्णा मस्तगडात एकटेच आहेत, शेजारच्या काकू डबा देतात. एक शनिवार सोडून मी जाते, शुगर तपासते, गोळ्या भरून ठेवते. आमचं बोलणं होतं. पाणी कधी आलं, डबा कसा होता, काकूंच्या सुनेला काय झालं. त्या चार रविवारांबद्दल ते एकदाही बोललेले नाहीत. मीही विषय काढत नाही. सुरुवातीला वाटायचं, कधीतरी म्हणतील, चुकलं माझं. आता वाट बघत नाही.

सर म्हणतात, अण्णांना इकडंच आणू, मागची खोली रिकामी आहे. दर सणाला म्हणतात. त्यांच्या आईचंही तेच म्हणणं आहे. मी म्हणते, बघू. खोली मी झाडून ठेवते, पलंगही टाकलाय. पण गाडी घेऊन त्यांना आणायला जायचं, त्यांच्याशेजारी बसून तासभर त्याच रस्त्यानं यायचं, हे अजून माझ्या हातून होत नाही.